फडाचा जमाखर्च
तमाशाच्या इतिहासकारांनी लावणी मोजली, नाचणारीचे चाळ मोजले. फड चालवणारी अक्कल मात्र मोजली नाही. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत तापीकाठी तमाशाचा तंबू उभा राहतो. त्यामागे सुपारी, कलावंतांची उचल, गाड्यांचे भाडे, सावकाराचे व्याज अशी सारी जुळणी असते. हे व्यवस्थापन नव्हे काय? भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड जातीच्या नावासकट गाजला. त्याच घरातल्या विठाबाईंनी (१९३५-२००२) पुढे स्वतःचा फड चालवला. १९९० साली राष्ट्रपतिपदक मिळाले. अखेरची वर्षे हलाखीत गेली. २००६ पासून शासन त्यांच्या नावाने पुरस्कार देते. पदकाने कर्ज फिटत नाही. म्हणून आपल्या इतिहासाने गाण्याबरोबर फडाची वहीही उघडली पाहिजे.