गढ्याचे धन

जबलपुरास बदलून आलेल्या मराठी माणसाला पहिल्या काही दिवसांतच कोणीतरी सांगते की, गढ्याच्या टेकडीवर, मदनमहालाच्या छायेत, सोन्याच्या दोन विटा पुरलेल्या आहेत. आम्हांलाही ते सांगण्यात आले. टेकडी निव्वळ ग्रॅनाइटची. तीत ना सोन्याची खाण, ना चांदीची. मग गोंड राजांपाशी धन आले कोठून?

धन होते, हे निःसंशय. १५६४ साली राणी दुर्गावती रणात पडली. पुढे आसफखानाने चौरागड घेतला, तेव्हा अशरफ्यांचे हंडे, जडजवाहीर आणि हजार हत्ती त्याच्या हाती लागले, असे अबुल फजल लिहितो. त्यांपैकी अकबराकडे रवाना झाले अवघे दोनशे हत्ती! (सरकारी मालाची गळती ही काही आमच्याच काळातील कचेऱ्यांची निर्मिती नव्हे.) हाच अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त सांगतो की, गढ्याचा शेतकरी आपला सारा मोहरांनी आणि हत्तींनी भरतो. आमच्या मते उत्तर येथेच आहे. हे वैभव खाणीतले नव्हे. ते नर्मदेकाठच्या काळ्या जमिनीतले आणि त्या काळी रानहत्तींनी भरलेल्या अरण्यातले होते.

चांदी या भूमीत अगदीच नाही असे नव्हे. कटनी जिल्हा १९९८ साली वेगळा होईपर्यंत जबलपूर जिल्ह्यातच मोडणाऱ्या स्लीमनाबादच्या परिसरात तांब्याच्या खनिजाबरोबर थोडी चांदी आणि सोने आढळते. कटनीला चुनखडी व बॉक्साइट, भेडाघाटला संगमरवर. परंतु गोंडांच्या राज्याला खरोखर उपयोगी पडले ते लोखंड.

सिहोरा-गोसलपूरच्या बाजूस ते विपुल आहे. या मुलखातील अगरिया लोक मातीची लहानशी भट्टी रचीत, सालवृक्षाचा कोळसा घालीत आणि पायांनी भाता दाबून लोखंड गाळीत. मोहरा भरणाऱ्या शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ अशाच भट्टीतून निघे. लोहासुर हा त्यांच्या पुराणकथांतला लोखंडाचा देव. पण त्याचेही इंग्रजी अमदानीपुढे काही चालले नाही. १८७० साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपुरास जोडला गेला आणि विलायती लोखंड स्वस्तात दाराशी आले. इकडे कोळशासाठी लागणारे जंगल राखीव झाले, वर भट्टीवर कर बसला. मंडला भागात राहून व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली अगरियांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तोवर त्यांच्या बहुतेक भट्ट्या विझत आल्या होत्या.