बांबूचा आडोसा

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका हे गाव अकोला–पूर्णा लोहमार्गावरील स्थानकामुळे ‘जऊळका रेल्वे’ याच नावाने पंचक्रोशीत अधिक परिचित आहे. आणि या गावाच्या आसमंतातील काळ्या, भेगाळ, कापूस-तुरीच्या मुलखात घराला आडोसा करावयाचा म्हणजे काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या शेतानेच दिलेले आहे. कापसाची वेचणी आटोपली की पऱ्हाटी उपटावी, तूर झोडपून झाली की तुराट्यांच्या पेंढ्या बांधाव्या, आणि त्यांचेच कूड उभारून न्हाणी, गोठा अथवा परसाची बाजू झाकावी, हा गृहस्थाश्रमाचा सर्वमान्य क्रम होता. शेताच्या धुऱ्यावर बोरी-बाभळीचे काटे रचले की जनावरांचाही बंदोबस्त होई. एका पावसाळ्यात हे कूड कुजून जात, पण पुढल्या हंगामाची पऱ्हाटी फुकट मिळत असल्यामुळे त्याचे वैषम्य कोणास वाटले नसावे.

या व्यवस्थेत बांबू होता, परंतु तो मृत स्वरूपात. बुरुडाने कामट्या काढून विणलेला तट्टा बंडीला लावला की त्यात कापूस भरून बाजाराला नेता येई, आणि तोच तट्टा जुना झाला की माजघराची नाही तरी न्हाणीची लाज राखी. सूप, टोपली, दुरडी, डालके अशा रूपांनी बांबू घरोघरी नांदत असताना तो जिवंत, मुळासकट, अंगणात का आला नाही, याचा विचार करू लागल्यास निसर्गापेक्षा दप्तराकडेच अधिक बोट जाते. निसर्गाची अडचण खरी होती: मानवेल आणि कटांग ही मेळघाटच्या व पूर्व विदर्भाच्या रानातली जात, तिला निचऱ्याची जमीन रुचते, आणि पावसाळ्यात पाणी धरून उन्हाळ्यात तडकणारी भारी काळी माती तिला मानवत नाही. लोकसंकेतही आड येत असे, कारण ज्या बांबूची तिरडी होते तो दारात कशाला, असे म्हणणारी वडीलधारी माणसे घरोघर असत. मात्र लग्नाच्या मांडवाला हीच माणसे बांबू आणवीत, तेव्हा या संकेताचे ओझे मी फार मानीत नाही.

खरे ओझे होते ते परवान्याचे. 1853 च्या तहाने निजामाकडील वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली आले, 1866 च्या सुमारास मेळघाटचे रान राखीव होऊ लागले, आणि पुढे 1927 चा भारतीय वन अधिनियम आला, ज्याच्या व्याख्येत वनस्पतिशास्त्रदृष्ट्या गवताच्या कुळातील हा बांबू ताड आणि वेत यांच्याबरोबर ‘वृक्ष’ म्हणून दाखल झाला. हा अधिनियम कालांतराने वऱ्हाडासही लागू झाला. वृक्ष म्हटला की तोड आणि वाहतूक यांस सरकारी मंजुरी आली. म्हणजे स्वतःच्या खात्यातील जमिनीवर वाढविलेले बेट बाजारात न्यावयाचे तरी वनखात्याच्या कचेरीत खेटे घालणे प्राप्त झाले, आणि ज्या पिकापायी हेलपाटे पडतात ते पीक कुणबी धुऱ्यावर लावीत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने आपल्या रानातील बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा हक्क 2011 साली मिळविला. तथापि वनक्षेत्राबाहेरील बांबूची ‘वृक्ष’ या व्याख्येतून मुक्तता होण्यास 2017 चा नोव्हेंबर उजाडावा लागला, जेव्हा तसा अध्यादेश निघाला आणि लगेच पुढील वर्षारंभी त्याचा कायदा झाला.

हल्ली रोपवाटिकांतून पिवळ्या दांड्याचा शोभेचा बांबू आणि बारीक पानांचा, दाट वाढणारा कुंपणाचा बांबू मिळू लागला असून, नव्या वस्त्यांतील घरमालक शेजाऱ्याच्या गच्चीवरून होणारी पाहणी त्याच्या आड थोपवू पाहतात. त्यांना वाटणारी धास्ती मात्र बहुधा परदेशी माहितीतून उसनी घेतलेली असते. जपान-चीनकडील धावत्या कंदाचे बांबू जमिनीखालून दूरवर जाऊन शेजाऱ्याच्या हिरवळीत डोके काढतात, आणि अमेरिकेत शोभेसाठी नेलेल्या अशा जातींना आवरण्यासाठी लोक दोन-अडीच फूट खोल जाड प्लास्टिकचा पडदा पुरतात. आपल्याकडचे मानवेल, कटांग आणि वर सांगितलेले दोन्ही शोभेचे बांबू बेटानेच वाढतात, त्यांचा कंद बेटाच्या कडेकडेने दरवर्षी थोडा सरकतो एवढेच. त्याला आवरण्यास दीड-दोन फुटांची नाली, आणि पावसाळ्यात रेषेबाहेर निघालेला कोवळा कोंब तेव्हाच छाटणे, इतके पुरते. पूर्व विदर्भात या कोंबांना वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजी होते, त्यामुळे तेथे ही छाटणी शिक्षा वाटत नाही. कोंब दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो व पुढे उंच होत नाही, फक्त पक्का होतो, म्हणून तोडणीत तीन वर्षांवरील दांडे काढून नवे राखावे लागतात. उलट केल्यास आडोसा विरळ होतो.

धुऱ्यावरील बेटाची सावली आणि मुळे शेजाऱ्याच्या ओळी खातात व त्यातून तंटा निघतो, म्हणून नाली शेजाऱ्याच्या बाजूस आधी खणावी. आणि मानवेल कित्येक दशकांनी एकदाच फुलतो व फुलून मरतो, एका बेटाचे कंद बहुधा एकाच वेळी. तेव्हा सगळी रांग एकाच बेटाच्या कंदांची लावू नये, निरनिराळ्या ठिकाणांहून आणावी.