मोटारगाडीतील सेंट्रल लॉकिंग

सेंट्रल लॉकिंग ही मोटारगाडीच्या सर्व दरवाज्यांची, आणि बहुतेक गाड्यांत डिकीचीही, कुलपे एकाच आज्ञेने लावणारी व उघडणारी विद्युत व्यवस्था आहे. चालकाच्या दरवाज्यावरील बटण, किल्ली किंवा रिमोट यांद्वारे ही आज्ञा दिली जाते. व्यवस्था बंद पडली म्हणजे कुलूपच बिघडले असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः मूळ यांत्रिक कुलूप जागेवरच असते आणि विजेची यंत्रणा त्याला केवळ जोडलेली असते. बिघाडाचे निदान, दुरुस्ती व आत अडकलेल्या व्यक्तीची सुटका या तिन्हींसाठी हा फरक ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

इतिहास

अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीच्या १९५६ सालच्या मोटारींत वीजचलित कुलपे देण्यात आली. काही जर्मन गाड्यांत, विशेषतः मर्सिडीज-बेंझच्या जुन्या मॉडेलांत, विजेऐवजी निर्वात दाबावर चालणारी कुलपे होती. रेनॉ फ्यूगो या फ्रेंच मोटारीत १९८२ साली अवरक्त किरणांवर चालणारा रिमोट आला. पुढे त्याची जागा रेडिओ लहरींनी घेतली. भारतात स्वस्त मॉडेलांत ही सोय दीर्घकाळ नसे. त्यामुळे गाडी घेतल्यानंतर बाजारातील संच बसवून घेण्याची पद्धत रूढ झाली, आणि अशा अनेक गाड्या आजही रस्त्यावर आहेत.

रचना

दरवाज्याच्या कडेला असलेला लॅच गाडीच्या खांबावरील लोखंडी आकड्याला पकडून ठेवतो. दरवाजा बंद राहतो तो या पकडीमुळे, कुलपामुळे नव्हे. कुलूप लावल्यावर हँडल व लॅच यांच्यातील दुवा सुटतो, म्हणून हँडल ओढले तरी ते लॅचपर्यंत पोहोचत नाही. कुलूप उघडल्याचा आवाज नेहमीसारखा येत असूनही दरवाजा उघडत नसेल, तर दोष बहुधा हँडलच्या सळईत, केबलमध्ये किंवा खुद्द लॅचमध्ये असतो. अशा वेळी फ्यूज तपासत बसणे व्यर्थ होय.

हा दुवा जोडण्याचे व सोडण्याचे काम अ‍ॅक्च्युएटर करतो. त्यात १२ व्होल्टवर चालणारी छोटी मोटर व प्लास्टिकचे दाते असतात. साध्या रचनेत त्याला दोनच तारा लागतात. प्रवाह एका दिशेने दिला की कुलूप लागते, उलट दिशेने दिला की उघडते. दिशा बदलण्याचे काम रिले किंवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतो व प्रवाह क्षणभरच सोडतो. बाजारातील संचात चालकाच्या दरवाज्याच्या अ‍ॅक्च्युएटरला सहसा पाच तारा असतात. अधिकच्या तारा त्या दरवाज्याच्या कुलपाची स्थिती नियंत्रकाला कळवतात.

बिघाडाचे निदान

निदान न करताच अ‍ॅक्च्युएटर बदलणे ही वारंवार होणारी व खर्चिक चूक आहे. सुटे भाग हाताळण्यापूर्वी बिघाडाची व्याप्ती पाहावी. दरवाज्यावरील बटणाने कुलपे चालत असतील आणि केवळ रिमोटने चालत नसतील, तर प्रथम रिमोटमधील सेल बदलावा. अनेक रिमोटमध्ये सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा चपटा सेल असतो. रिमोट अगदी जवळूनच चालू लागणे ही सेल उतरल्याची पूर्वसूचना असते. कोणताच दरवाजा कशानेही प्रतिसाद देत नसल्यास फ्यूज, गाडीची बॅटरी, अर्थची जोडणी, रिले व नियंत्रक या क्रमाने तपासणी करतात. फ्यूजची जागा व क्षमता गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. बदललेला फ्यूज पुन्हा जळाला तर कोठेतरी तार उघडी पडून गाडीच्या सांगाड्याला टेकत आहे असे समजावे; तेथे अधिक क्षमतेचा फ्यूज घालणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे होय.

सर्व दरवाजे लागतात पण उघडत नाहीत, किंवा याच्या उलट घडते, तेव्हा संशय रिले, बटण वा नियंत्रकावर जातो. एकाच दरवाज्यात असे घडत असेल तर यांत्रिक अडथळा किंवा झिजलेला अ‍ॅक्च्युएटर हे संभाव्य कारण असते, कारण साध्या दोन-तारी रचनेत तार तुटली असती तर दोन्ही क्रिया थांबल्या असत्या. कुलूप लागून लगेच उघडत असल्यास दरवाजा उघडा असल्याची चुकीची सूचना देणारा स्विच पाहावा.

दरवाज्याला कान लावणे हीदेखील उपयुक्त परीक्षा आहे. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण कुलूप हलत नाही, तेव्हा दाते झिजलेले असतात किंवा सळई निसटलेली असते. मंद, ओढल्यासारखा आवाज कमी व्होल्टेज किंवा सुकलेले ग्रीस दर्शवतो. आवाजच येत नसेल, तर प्रवाह पोहोचतो की नाही हे अ‍ॅक्च्युएटरच्या कनेक्टरवर पाहावे लागते. येथे डिजिटल मल्टिमीटर फसवू शकतो. प्रवाह क्षणिक असल्याने आकडा स्थिरावत नाही. शिवाय तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. त्या धाग्यातून मोटर मात्र चालत नाही. अशा ठिकाणी साधा टेस्ट लॅम्प अधिक विश्वासार्ह ठरतो. नियंत्रकाच्या संदेशवाहक तारांना व एअरबॅगच्या तारांना मात्र तो कधीही लावू नये.

बिजागरीजवळची तुटलेली तार

दरवाजा व खांब यांच्यामधील रबरी नळीतून जाणाऱ्या तारा दरवाजा उघडताना व मिटताना प्रत्येक वेळी वाकतात आणि कालांतराने तुटतात. सर्वाधिक वापर होत असल्याने चालकाच्या दरवाज्यात हा दोष विशेष आढळतो. त्याच दरवाज्याची काच, आरसा किंवा स्पीकरही अधूनमधून बंद पडणे, अथवा दरवाजा ठरावीक कोनात धरल्यावर कुलूप चालणे, या त्याच्या खुणा होत. दुरुस्ती करताना सोल्डरचा जोड नळीच्या आत ठेवू नये. सोल्डर ताठ असल्याने त्याच्या शेजारीच तार पुन्हा तुटते. लवचिक तारेचा नवा तुकडा घेऊन जोड नळीच्या बाहेर, एकमेकांपासून थोड्या अंतरावर घेतात.

अ‍ॅक्च्युएटर बदलणे

काच पूर्ण वर घेऊन बॅटरीचे ऋण टोक सोडतात व नंतर दरवाज्याचे आतील पॅड काढतात. त्याचे स्क्रू हँडलच्या खाचेत व हात टेकण्याच्या भागाखाली लपवलेले असतात. ते न काढता पॅड ओढल्यास ते तडकते. पॅडमागील प्लास्टिकचा पडदा न फाडता सोडवावा आणि काम झाल्यावर पुन्हा नीट चिकटवावा, अन्यथा पावसाळ्यात दरवाज्यातून उतरणारे पाणी गाडीत येते. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दाब मोजणारा सेन्सर दरवाज्यात असल्याने हा पडदा सुरक्षिततेचाही भाग असतो. जुन्या रचनेत अ‍ॅक्च्युएटर सुटा मिळतो. नव्या अनेक गाड्यांत तो लॅचमध्येच असल्याने पूर्ण लॅच बदलावा लागतो.

नवा भाग बसवल्यावर दरवाजा उघडाच ठेवून लॅच स्क्रूड्रायव्हरने मिटवावा व कुलूप अनेकदा चालवून पाहावे. जोडणी चुकली असता दरवाजा एकदा बंद झाला की लॅचच्या स्क्रूंपर्यंत हात पोहोचत नाही, आणि पॅड बंद दरवाज्यातच आतून सोडवण्याचे जिकिरीचे काम करावे लागते. मुळात बंद स्थितीतच अडकलेल्या दरवाज्यासाठी एकाने तो बाहेरून आत दाबून धरावा व दुसऱ्याने कुलूप चालवून हँडल ओढावे. रबराचा ताण कमी झाल्याने लॅच काही वेळा सुटतो.

अडकलेल्या व्यक्तीची सुटका

मागचा दरवाजा केवळ आतून उघडत नसेल, तर प्रथम त्याच्या कडेवरील चाइल्ड लॉकचा खटका पाहावा; तो बिघाड नसून लावलेला अडसर असतो. गाडीची बॅटरी उतरली तरी चालकाचा दरवाजा यांत्रिक किल्लीने उघडतो. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांत ही किल्ली रिमोटच्या आत दडलेली असते, आणि कुलपाचे छिद्र काही मॉडेलांत हँडलवरील झाकणाखाली असते. वर्षानुवर्षे न वापरलेले हे कुलूप धूळ व गंजाने, आणि किनारपट्टीवर खाऱ्या हवेनेही, घट्ट होते. त्यामुळे अधूनमधून किल्लीनेच दरवाजा उघडण्याची व छिद्रात ग्रॅफाइटची पूड घालण्याची शिफारस केली जाते. तेलावर धूळ बसते.

उन्हातील बंद गाडीचे तापमान पहिल्या अर्ध्या तासातच वेगाने वाढते आणि मुलांचे शरीर प्रौढांपेक्षा लवकर तापते. आत मूल अडकले असेल व किल्ली हाताशी नसेल, तर तंत्रज्ञाची वाट न पाहता ११२ या क्रमांकावर मदत मागवावी. मूल निपचित वाटल्यास त्याच्यापासून सर्वांत दूरची बाजूची काच कोपऱ्याजवळ कठीण टोकदार वस्तूने फोडावी. समोरची काच थरांची असल्याने ती फोडण्याचा प्रयत्न करू नये.