सत्या (चित्रपट)

सत्या : मुंबईतील गुन्हेगारी जगावरील हिंदी चित्रपट. दिग्दर्शक राम गोपाल वर्मा. लेखन सौरभ शुक्ला व अनुराग कश्यप. प्रदर्शन ३ जुलै १९९८. कामाच्या शोधात मुंबईत आलेला सत्या (जे. डी. चक्रवर्ती) तुरुंगात पोहोचतो. तिथे त्याची भिकू म्हात्रेशी (मनोज बाजपेयी) गाठ पडते आणि तो टोळीचा डोकेबाज सल्लागार होतो. तो कुठला, त्याचे आईवडील कोण, हे चित्रपट अखेरपर्यंत सांगत नाही. हे मौन ही या कलाकृतीची खरी ताकद आहे. भूतकाळच नसल्याने त्याच्या थंड हिंसेला सबब मिळत नाही, आणि त्याचा निवाडा प्रेक्षकावर येऊन पडतो. शेजारच्या विद्यावरील (ऊर्मिला मातोंडकर) त्याचे प्रेम खरे आहे, पण ते खोट्यावर उभे आहे. दोन्ही गोष्टी चित्रपट एकाच वेळी मान्य करतो. भिकू मात्र घरात बायकोशी भांडणारा, मित्रांवर जीव टाकणारा मराठी माणूस. टोळीचा पाठीराखा असलेला राजकारणी भाऊ ठाकूरदास झवळे निवडणूक जिंकल्यावर त्यालाच गोळी घालतो. गणेश विसर्जनाच्या गर्दीत सत्या भाऊला मारतो तेव्हा तो न्याय की सूड, हे दिग्दर्शक ठरवून देत नाही. भिकूच्या भूमिकेसाठी बाजपेयी यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वर्मांनी पुढे २००२ मध्ये याच विश्वावर ‘कंपनी’ काढला. पण ‘सत्या’ची संदिग्धता त्याहून खोल आहे.