टर्बो सी का चालेना?

मंडळी, तुमच्यापैकी ज्यांनी महाराष्ट्रात कुठेही इंजिनिअरिंग, बीसीएस किंवा नुसतं बारावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स केलंय, त्यांना ती निळी स्क्रीन आठवत असेलच. वर राखाडी मेनूची पट्टी, मधे पिवळी अक्षरं, आणि प्रोग्रॅमच्या शेवटी न चुकता लिहायचं ते गेट-सीएच. बोर्लंड कंपनीचं टर्बो सी! पहिलं टर्बो सी आलं १९८७ मध्ये. आपल्याकडे ज्याने ठाण मांडलं ते टर्बो सी प्लस प्लस ३.० आलं १९९१ मध्ये. आणि सी प्लस प्लस भाषेचं पहिलं अधिकृत स्टँडर्ड आलं १९९८ मध्ये. म्हणजे आपल्यातले कित्येकजण जी भाषा शिकले, ती तिचं व्याकरण पक्कं ठरायच्या आधीची होती :)

मी शिकलो रत्नागिरीला. रत्नागिरी मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत येते, त्यामुळे १९९६ साली फिनोलेक्स अकादमी सुरू झाली तेव्हा मुंबईचा इंजिनिअरिंगचा सिलॅबस जसाच्या तसा कोकणात उतरला. आता सिलॅबसमध्ये लिहिलेलं असतं फक्त 'सी' किंवा 'सी प्लस प्लस', कंपायलर कुठला ते नाही. पण जर्नलमधले प्रोग्रॅम लॅबच्या मशीनवर चालायला हवेत, एक्स्टर्नलसमोर चालायला हवेत, ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला ग्राफिक्स-डॉट-एच हवी... मग कोण कशाला बदलतोय? शिवाय इन्स्टॉल करायची भानगड नाही. सी ड्राइव्हमध्ये टीसी नावाचा फोल्डर कॉपी केला की काम झालं. व्हायवाला ठरलेला प्रश्न, "इंट किती बाइटचा?" उत्तर, "दोन." हे उत्तर सोळा बिटांच्या कंपायलरपुरतंच खरं आहे. नोकरीला लागून जीसीसी वापरलं की तोच इंट चार बाइटचा निघतो. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' त्या काळी घराघरात होतं, आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांतला इंटही बत्तीस हजारांवरच थांबायचा.

असो. विंडोज एक्सपीपर्यंत हे सगळं सुखाने चाललं. मग दोन दणके बसले. लोक (आणि बरेच हार्डवेअरवालेसुद्धा) ते दोन एकच समजतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला दणका २००७ चा, व्हिस्टाचा. टर्बो सी उघडायचं, ऑल्ट-एंटर दाबायचं, की निरोप यायचा, ही सिस्टीम फुल स्क्रीन मोड सपोर्ट करत नाही. इथे प्रोग्रॅमची फाईल विंडोजला नीट समजत होती. गोची होती डिस्प्ले ड्रायव्हरची. व्हिस्टाच्या नव्या पद्धतीच्या ड्रायव्हरमध्ये डॉसचा फुल स्क्रीन काढून टाकला होता. जुना एक्सपीचा ड्रायव्हर घातला की गाडी पुन्हा सुरू.

दुसरा दणका खरा. २००९ ला विंडोज सेव्हन आली, आणि लवकरच दुकानातून येणारे लॅपटॉप चौसष्ट बिटांचे असायला लागले. त्यांच्यावर टर्बो सी उघडतच नव्हतं. निरोप साधारण असा, की ही फाईल तुमच्या विंडोजशी कंपॅटिबल नाही. इथे ड्रायव्हर बदलून काही उपयोग नव्हता.

हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. डॉसमध्ये सुरुवातीला कॉम फाईल असायची. तिला हेडर वगैरे काही नाही. उचलायची, मेमरीत ठेवायची आणि पहिल्या बाइटपासून चालवायची. मर्यादा ६४ केबी. मोठे प्रोग्रॅम लिहायचे तर कुठला तुकडा मेमरीत कुठे बसवायचा, हे फाईलनेच सांगायला हवं. त्यासाठी ईएक्सई फॉरमॅट आला. तो तयार केला मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्कीने आणि फाईलच्या पहिल्या दोन बाइटमध्ये स्वतःची आद्याक्षरं ठेवून दिली, एम आणि झेड. (आपल्याकडे जुन्या भांड्यांवर नावं घालून घेत ना, तसं!) १९९३ ला विंडोज एनटीबरोबर नवा फॉरमॅट आला, पीई. पण त्यानेही सुरुवातीची एमझेड काढली नाही. पुढे एक चिमुकला डॉस प्रोग्रॅम असतो, जो डॉसमध्ये चालवला तर फक्त 'मी इथे चालणार नाही' एवढं सांगतो. ६० व्या बाइटपासून एक आकडा असतो, तो खरं हेडर कुठे आहे ते दाखवतो. तिथे पी आणि ई ही अक्षरं, आणि त्यांच्यानंतर प्रोसेसर कुठला हवा त्याचा कोड.

टर्बो सीची फाईल म्हणजे नुसती एमझेड, पुढे पीई नाही. ती वाचणं चौसष्ट बिटांच्या विंडोजला काही कठीण नाही. अडचण त्याच्या खालच्या थरात आहे. इंटेलच्या ३८६ प्रोसेसरमध्ये १९८५ पासून एक खास सोय होती, व्हर्च्युअल ८०८६ मोड. विंडोज त्याच मोडमध्ये डॉसचा प्रोग्रॅम चालवायची, आणि त्या बिचाऱ्याला वाटायचं आपण जुन्या ८०८६ वरच आहोत. २००३ मध्ये एएमडीने चौसष्ट बिटांचा ऑप्टेरॉन आणला, त्याच्या नव्या मोडमध्ये ही सोय ठेवलीच नाही. इंटेलनेही तेच डिझाइन उचललं. त्यामुळे मायक्रोसॉफ्टने डॉसचा आधार काढला यात मला तरी फार गैर वाटत नाही. विंडोज ३.१ च्या सोळा बिटी प्रोग्रॅमची गोष्ट वेगळी. ते चालवणं नव्या प्रोसेसरवरही शक्य आहे, लिनक्सवर वाइन ते करतं. तिथे मायक्रोसॉफ्टने नको म्हटलं म्हणून बंद झालं.

इथे मला आमचा थिबा राजा आठवतो. ब्रह्मदेशाचा राजा, इंग्रजांनी १८८६ ला रत्नागिरीत आणून ठेवला. १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी टेकडीवर राजवाडा बांधला, आणि १९१६ ला मरेपर्यंत तो त्या भिंतींच्या आत राजा होता. डॉसबॉक्स म्हणजे हा थिबा पॅलेस. २००२ साली हा फुकट प्रोग्रॅम आला. तो प्रोसेसरकडे जुना मोड मागतच नाही, अख्खा जुना प्रोसेसरच सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो. मग टर्बो सी आत सुखाने नांदतं. बनवणाऱ्यांनी तो बनवला जुन्या गेम्ससाठी, पण आपल्याकडे टर्बो सी आणि डॉसबॉक्स एकत्र बांधलेली पॅकेजेस पेनड्राइव्हवरून कॉलेजा-कॉलेजांत फिरली. २०१० नंतर आलेल्या मुलांनी १९९१ चा कंपायलर असा वाड्यात बसवून वापरला. ज्या वेळेत त्यांनी डॉसबॉक्सचं माउंट शिकलं, त्या वेळेत जीसीसी शिकवून झालं असतं, हे माझं स्पष्ट मत.

पण जुनं चालवायची हौस नाही, गरजच असते अशाही जागा आहेत. रत्नागिरीत आमच्या काकांच्या ओळखीचे एक आंब्याचे व्यापारी आहेत. बागायतदारांचे हिशेब, पेट्या, उचल, सगळं नव्वदच्या दशकात क्लिपरमध्ये कोणीतरी लिहून दिलेल्या प्रोग्रॅमवर. लिहिणारा कुठे आहे ठाऊक नाही, सोर्स कोड नाही. जुना पीसी गेला, नवा विंडोज ११ वाला आला आणि प्रोग्रॅम चालेना. पीसी देणाऱ्याने सांगितलं, फाईल करप्ट आहे, नवीन सॉफ्टवेअर घ्या. काकांनी मला फोन लावून दिला.

"भाऊ, पंचवीस वर्षांचे हिशेब आहेत हो त्यात. गेले म्हणायचे का?"

फोनवरच ती फाईल नोटपॅडमध्ये उघडायला सांगितली. पहिली दोन अक्षरं काय? एमझेड. पुढे ते डॉस मोडमध्ये चालणार नाही वालं वाक्य दिसतंय का? नाही. म्हणजे फाईल बहुतेक ठणठणीत, फक्त डॉसची. विंडोज ११ ची बत्तीस बिटी आवृत्ती इंटेलच्या मशीनसाठी निघालीच नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून जुनी विंडोज टाकून देण्यात अर्थ नव्हता. डॉसबॉक्समध्ये प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात उघडला. अडलं ते छपाईवर. प्रोग्रॅम पावत्या थेट पॅरलल पोर्टवर पाठवतो, आणि मूळ डॉसबॉक्सला प्रिंटर माहीत नाही. डॉसबॉक्स-एक्स नावाच्या त्याच्या भावंडाला माहीत आहे, ते टाकलं. हिशेबाच्या डीबीएफ फाईल्स मी लिब्रेऑफिसमध्येही उघडून दाखवल्या, सगळ्या नावांसकट आणि रकमांसकट. त्यांची एक प्रत आता त्यांच्या मुलीकडे पुण्याला असते, आणि यंदाच्या सीझनच्या पावत्या जुन्याच डॉट मॅट्रिक्सवर निघताहेत.