लाल टोपीवाली कशी सुटली?

परीकथेच्या पुनर्कथनात नायिका कणखर झाली, असे कधी म्हणावे? तिच्या हाती तलवार दिली की काम झाले, असे अनेक लेखकांना वाटते, पालकांनाही वाटते. ही कसोटी अपुरी आहे. परीकथेचा सांगाडा मोजक्या प्रसंगांवर उभा असतो आणि त्यांतल्या एखाद्याच प्रसंगी पारडे फिरते. त्या जागी निर्णय कोण घेते, यावरून नायिकेचे बळ मोजावे. ती घोड्यावर आहे की चुलीपाशी, हा प्रश्न दुय्यम.

लाल टोपीवालीची गोष्ट घेऊ. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिचा क्रमांक ३३३. शार्ल पेरो यांनी १६९७ मध्ये ती छापली, तेव्हा लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते; खाली मुलींना सावध करणारे पद्य. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये शिकारी आणला. तो लांडग्याचे पोट कापून आजी आणि नात दोघींना बाहेर काढतो. एकीकडे मरण, दुसरीकडे सुटका, पण दोन्हीकडे मुलीच्या निर्णयाने काहीच ठरत नाही.

फ्रान्सच्या निव्हेर्ने भागात १८८५ च्या सुमारास नोंदवलेली मौखिक कथा मात्र निराळी आहे. आजीच्या अंथरुणात कोण आहे हे उमगताच मुलगी परसाकडे जायचे निमित्त काढते. लांडगा तिच्या पायाला दोरी बांधून तिला बाहेर सोडतो. ती दोरी सोडून अंगणातल्या झाडाला बांधते आणि घर गाठते. ही नोंद पेरोंनंतरची, म्हणून हेच मूळ रूप असे म्हणता येणार नाही. पण छापील पानांवर मुलगी असहाय होती, तेव्हाही खेड्यांतल्या सांगणाऱ्यांच्या तोंडी तिची अक्कल शाबूत होती, एवढे यातून नक्की दिसते. खुद्द ग्रिमांच्या संग्रहातही या कथेला एक पुरवणी आहे: दुसरा लांडगा येतो तेव्हा आजी-नात दार लावून घेतात, सॉसेज उकडलेले पाणी दगडी कुंडात ओततात, आणि त्या वासाने छपरावरून घसरलेला लांडगा त्यात बुडतो. मुलांसाठीच्या पुस्तकांतून हा भाग सहसा गळतो, याची मला फार खंत वाटते. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी आपली म्हातारी ज्यांना ठाऊक आहे, त्या मराठी मुलांना ही आजी परकी वाटणार नाही.

आधुनिक लेखनात रॉबर्ट मन्श यांची 'द पेपर बॅग प्रिन्सेस' (१९८०) याच वाटेने जाते. राजकन्या एलिझाबेथ ड्रॅगनशी लढत नाही. त्याच्या पराक्रमाची वाखाणणी करत त्याला इतके दमवते, की तो झोपी जातो.

याहून खोल काम गेल कार्सन लेव्हिन यांच्या 'एला एन्चांटेड' (१९९७) या सिंड्रेलाच्या पुनर्कथनाने केले. सिंड्रेला इतकी आज्ञाधारक का, हा प्रश्न जुन्या कथेत कोणी विचारत नाही. आज्ञाधारकपणा हाच तिचा गुण. लेव्हिन तो गुणच शाप ठरवतात. जन्मतःच परीने दिलेल्या 'देणगी'मुळे एलाला प्रत्येक हुकूम पाळावाच लागतो. कादंबरीच्या कळसाला तिला राजपुत्राशी लग्न करण्याचा हुकूम होतो. लग्न तिलाही हवे आहे. पण तिच्या आज्ञाधारकपणाचा वापर करून कोणी राजपुत्राचा घात करील, हे ओळखून ती नकार देते, आणि त्या नकारानेच शाप तुटतो. जुन्या कथेत बुटाच्या मापाने जे ठरत होते, ते इथे मुलीच्या शब्दाने ठरते. बूट, राजवाडा, सावत्र बहिणी जागच्या जागी आहेत. सरकला आहे तो फक्त निर्णय. पुनर्कथनाचे कसब म्हणतात ते हेच.

याउलट काही पुनर्कथनांत नायिका शिवणकामाला नाक मुरडते, घरातल्या इतर बायका भित्र्या किंवा दुष्ट ठरतात, आणि त्या मानाने ती उठून दिसते. असे बळ उसने असते. निव्हेर्नेच्या कथेत मात्र मुलीला रस्ता निवडायचा असतो तो सुयांचा की टाचण्यांचा. बाईपणाची रोजची कामे तिथे कथेच्या वाटेतच पडलेली आहेत. याच कथेच्या काही फ्रेंच रूपांत पळत सुटलेली मुलगी नदीशी येऊन थबकते. काठावर धुणे धुणाऱ्या बायका चादर ताणून धरतात आणि ती पार होते. मागून लांडगा येतो, त्यालाही त्या चादर धरतात, आणि मध्यावर आल्यावर सोडून देतात.