नकोयकात्सी (चित्रपट)

नकोयकात्सी हा २००२ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन प्रायोगिक माहितीपट आहे. याचे दिग्दर्शन गॉडफ्रे रेजिओ यांनी केले असून संगीत फिलिप ग्लास यांचे आहे. कोयानिस्कात्सी (१९८२) आणि पोवाक्कात्सी (१९८८) यांच्यानंतरचा हा 'कात्सी चित्रत्रयी'तील तिसरा व अखेरचा चित्रपट होय. सुमारे ८९ मिनिटांच्या या चित्रपटात निवेदन, संवाद किंवा कथानक नाही; केवळ दृश्ये आणि संगीत यांच्याद्वारे आशय मांडला आहे. पहिले दोन चित्रपट प्रत्यक्ष स्थळी जाऊन चित्रित केले गेले होते. नकोयकात्सीमधील बहुतांश दृश्ये मात्र जुन्या संग्रहित चित्रफितींवर संगणकीय प्रक्रिया करून तयार करण्यात आली. हा बदल दिग्दर्शकाने जाणीवपूर्वक केला होता. तरीही चित्रत्रयीच्या अनेक चाहत्यांच्या व समीक्षकांच्या अपेक्षाभंगाचे तेच प्रमुख कारण ठरले.

नाव

चित्रत्रयीतील तिन्ही चित्रपटांची नावे होपी भाषेतील आहेत. होपी हे अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या ईशान्य भागात राहणारे मूलनिवासी लोक होत. 'कात्सी' म्हणजे जीवन. कोयानिस्कात्सी म्हणजे समतोल ढळलेले जीवन, तर पोवाक्कात्सी म्हणजे इतरांची जीवनशक्ती शोषून स्वतःचे जीवन पुढे नेणारी वृत्ती. 'नकोयकात्सी' या शब्दाचे अर्थ चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर दिले आहेत. परस्परांना ठार मारण्याचे जीवन, जीवनपद्धती म्हणून युद्ध आणि, भावार्थाने, सुसंस्कृत हिंसा असे ते अर्थ आहेत. मराठीतील 'नको' या शब्दाशी त्याचे साम्य केवळ योगायोगाचे आहे.

येथे युद्ध हा शब्द रणांगणापुरता मर्यादित नाही. तंत्रज्ञान, स्पर्धा आणि वेग यांमुळे दैनंदिन जीवनात मुरलेली, म्हणूनच सहज लक्षात न येणारी हिंसा दिग्दर्शकाला अभिप्रेत आहे.

पार्श्वभूमी

गॉडफ्रे रेजिओ यांचा जन्म १९४० साली न्यू ऑर्लिन्स येथे झाला. किशोरवयातच त्यांनी एका कॅथलिक धर्मबंधू संघात प्रवेश केला व तेथे सुमारे १४ वर्षे व्यतीत केली. न्यू मेक्सिको राज्यातील सांता फे येथे त्यांनी रस्त्यांवरील टोळ्यांत अडकलेल्या तरुणांसाठी काम केले. लुईस बुन्युएल यांचा 'लोस ऑल्विदादोस' हा चित्रपट पाहून ते या माध्यमाकडे वळले. चित्रपटनिर्मितीचे कोणतेही औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नव्हते.

कोयानिस्कात्सीचे काम १९७० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाले. छायाचित्रणकार रॉन फ्रिक यांनी टाइम-लॅप्स तंत्राने ढग, वाहतूक आणि महानगरांतील गर्दी यांचे चित्रण केले. प्रत्यक्षात तासन्‌तास चालणाऱ्या घडामोडी काही सेकंदांत दिसल्यामुळे, रोजच्या परिचयाचे शहर प्रेक्षकांना एखाद्या अनोळखी यंत्रासारखे भासू लागले. सेंट लुईस येथील प्रुइट-आयगो या गृहसंकुलाची स्फोटकांनी केलेली पाडणी आणि आकाशात स्फोट होऊन हळूहळू खाली येणारा रॉकेटचा तुकडा ही त्यातील दृश्ये विशेष प्रसिद्ध आहेत. फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी या चित्रपटाला आपले नाव दिल्याने तो व्यापक प्रेक्षकवर्गापर्यंत पोहोचला. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

पोवाक्कात्सीमध्ये रेजिओ यांनी दक्षिण गोलार्धातील व विकसनशील देशांतील श्रमजीवनाकडे लक्ष वळवले. भारत, नेपाळ, ब्राझील, पेरू, इजिप्त, केनिया इत्यादी देशांत त्याचे चित्रीकरण झाले. ब्राझीलमधील सेरा पेलादा या सोन्याच्या खाणीत मातीची पोती पाठीवर घेऊन चढणाऱ्या मजुरांच्या दृश्यांनी तो सुरू होतो. पहिल्या चित्रपटातील वेगाच्या जागी येथे संथगती आली. दारिद्र्य व कष्ट यांना अतिसुंदर रूप दिल्याचा आक्षेप त्यावर घेण्यात आला. परंतु कॅमेरा माणसांसमोर प्रत्यक्ष उभा आहे, हा पहिल्या चित्रपटाचा पाया त्यातही कायम होता.

निर्मिती

तिसऱ्या चित्रपटाची कल्पना आधीपासून असली, तरी अर्थसाहाय्याअभावी तो अनेक वर्षे रखडला. दरम्यानच्या काळात रेजिओ व ग्लास यांनी 'अ‍ॅनिमा मुंडी' (१९९२) हा लघुपट केला. अखेर दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग यांच्या पाठबळामुळे नकोयकात्सीची निर्मिती शक्य झाली. दुसऱ्या व तिसऱ्या भागांमध्ये अशा रीतीने १४ वर्षांचे अंतर पडले. चित्रपटाचे संकलन आणि दृश्यरचना जॉन केन यांनी केली. काम न्यू यॉर्क शहरात चालू असतानाच ११ सप्टेंबर २००१ चे दहशतवादी हल्ले झाले. मिरामॅक्स या कंपनीने ऑक्टोबर २००२ मध्ये हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित केला.

रेजिओ यांच्या भूमिकेनुसार आधुनिक मनुष्य तंत्रज्ञान केवळ वापरत नाही. श्वासाबरोबर हवा आत घ्यावी तसा तो तंत्रज्ञानातच जगतो. पहिल्या चित्रपटासाठी वाळवंटे व महानगरे आणि दुसऱ्यासाठी खाणी व शेते ही चित्रीकरणाची स्थळे होती. तिसऱ्या चित्रपटाचे स्थळ प्रतिमा हेच असणार होते. म्हणून वृत्तचित्रे, जाहिराती, क्रीडास्पर्धांचे व लष्करी चित्रण, वैज्ञानिक व वैद्यकीय प्रतिमा अशा साहित्यातून दृश्ये निवडण्यात आली. त्यांचे रंग बदलणे, त्यांना निगेटिव्हचे रूप देणे, एकावर एक दृश्य रचणे, गती कमी-अधिक करणे अशा प्रक्रिया त्यांवर करण्यात आल्या व त्यांत संगणकनिर्मित दृश्यांची भर घालण्यात आली.

आशय व रचना

चित्रपटाची रचना सिंफनीप्रमाणे तीन भागांत कल्पिलेली आहे.

न्यूमेरिका डॉट कॉम: भाषा आणि स्थळ यांची जागा अंकांची संकेतभाषा व आभासी वास्तव घेते, हे या भागाचे सूत्र आहे.

सर्कस मॅक्झिमस: स्पर्धा, विजय, विक्रम, प्रसिद्धी आणि पैसा हीच जीवनाची मूल्ये बनतात आणि जगणे हा एक खेळ होतो. प्राचीन रोममधील रथशर्यतींच्या मैदानावरून या भागाला नाव दिले आहे.

रॉकेटशिप ट्वेंटिएथ सेंच्युरी: ज्याचे वर्णन करण्यास भाषा असमर्थ ठरली आहे, असे वेगाने विस्फोटणारे जग या भागात येते.

आरंभी पीटर ब्रॉयगेल यांचे बाबेलच्या मनोऱ्याचे चित्र दिसते. बायबलमधील कथेनुसार हा मनोरा बांधणाऱ्यांच्या भाषेचा गोंधळ होऊन काम थांबले. त्यापाठोपाठ डेट्रॉइट येथील त्या काळी ओसाड पडलेल्या मिशिगन सेंट्रल रेल्वे स्थानकाची भव्य, भग्न इमारत येते. हे स्थानक या चित्रपटातील मोजक्या प्रत्यक्ष चित्रित दृश्यांपैकी आहे. पुढे धावपटू, सैनिक, चलनचिन्हे, अणुस्फोट आणि प्रसिद्ध व्यक्तींचे मेणाचे पुतळे अशा प्रतिमांची मालिका सुरू होते. अखेरीस आकाशातून खाली झेपावणारी माणसे अवकाशाच्या पार्श्वभूमीत विलीन होतात.

संगीत

फिलिप ग्लास यांनी तिन्ही चित्रपटांना संगीत दिले. १९६० च्या दशकात पॅरिस येथे पंडित रविशंकर यांच्या चित्रपटसंगीताचे पाश्चात्त्य स्वरलेखन करताना त्यांना भारतीय तालरचनेचा परिचय झाला. लहान लयखंड एकमेकांना जोडून दीर्घ आवर्तन उभारण्याच्या त्यांच्या पद्धतीवर या परिचयाचा प्रभाव आहे.

पहिल्या चित्रपटात सिंथेसायझर, वाद्यवृंद आणि खर्जातील मानवी स्वर यांचा वापर होता. नकोयकात्सीमध्ये मात्र ग्लास यांनी वाद्यवृंदावर आणि विशेषतः चेलो या तंतुवाद्यावर भर दिला. चेलोवादन यो-यो मा यांनी केले आहे. दृश्ये पूर्णतः कृत्रिम असल्याने प्रेक्षकाला धरून ठेवणारा मानवी आवाज संगीतातून यावा, असा त्यामागील विचार होता. चित्रपटाबद्दल नाराज असलेल्या अनेक समीक्षकांनीही संगीताची प्रशंसा केली.

प्रतिसाद व टीका

चित्रपटाला संमिश्र प्रतिसाद मिळाला आणि चित्रत्रयीतील सर्वांत दुबळा भाग अशी त्याची सर्वसाधारण ओळख झाली. त्यावरील टीका मुख्यतः पुढील मुद्द्यांभोवती केंद्रित आहे.

प्रत्यक्षाचा अभाव: पहिल्या दोन चित्रपटांचे सामर्थ्य निरीक्षणात होते. कोयानिस्कात्सीमधील गर्दीचा वेग वाढवलेला असला तरी ती गर्दी खरी होती, आणि पाहणारा स्वतःला त्या गर्दीत ओळखू शकत होता. पोवाक्कात्सीमधील माणसे कॅमेऱ्याकडे रोखून पाहत होती. नकोयकात्सीमध्ये दृश्य आणि प्रेक्षक यांच्यामध्ये प्रक्रियेचा थर येतो. त्यामुळे विस्मयाऐवजी अलिप्तता निर्माण होते, असे टीकाकारांचे म्हणणे आहे.

अर्थाची सक्ती: आधीचे चित्रपट प्रेक्षकाला स्वतःचा निष्कर्ष काढू देत असत. अमेरिकी महानगरांची रात्रीची दृश्ये एकाच वेळी भीतिदायक आणि मोहक वाटत असत. तिसऱ्या चित्रपटात पैसा, युद्ध व प्रसिद्धी यांच्या चिन्हांची थेट सांगड घातल्यामुळे ही द्व्यर्थता उरत नाही आणि आशय घोषणेसारखा होतो, असा आक्षेप घेतला गेला.

साधन व लक्ष्य यांतील विसंगती: जी प्रतिमासृष्टी माणसाला ग्रासत असल्याचे चित्रपट सांगतो, तिच्याच तंत्रांनी तो बनलेला आहे. रेजिओ यांनी ही विसंगती मान्य केली होती आणि ज्या माध्यमात लोक जगतात त्याच माध्यमात त्यांच्याशी बोलावे लागते, असे तिचे समर्थन केले होते. टीकाकारांच्या मते मात्र प्रत्यक्ष पाहताना टीका आणि टीकेचा विषय यांतील सीमारेषा पुसली जाते.

बदललेला काळ: कोयानिस्कात्सीची दृश्यशैली १९८० व १९९० च्या दशकांत जाहिराती आणि संगीतचित्रफितींनी मोठ्या प्रमाणावर उचलली. त्यामुळे २००२ साली त्याच परंपरेतील चित्रपटाकडे पूर्वीचे नावीन्य राहिले नव्हते. शिवाय संगणकीय दृश्ये लवकर जुनी दिसू लागतात. वाळवंट किंवा गर्दी यांचे चित्रण तसे कालबाह्य होत नाही.

या अपेक्षाभंगात तुलनेचाही भाग होता. पहिल्या चित्रपटाचे छायाचित्रणकार रॉन फ्रिक चित्रत्रयीच्या पुढील भागांत सहभागी नव्हते. त्यांनी स्वतंत्रपणे दिग्दर्शित केलेला 'बराका' (१९९२) हा चित्रपट ७० मिमी फिल्मवर २४ देशांत चित्रित झाला होता. कोयानिस्कात्सीच्या शैलीचा विस्तार पाहू इच्छिणाऱ्या प्रेक्षकांना तो बराकामध्ये आधीच मिळाला होता. स्वतः रेजिओ यांनी मात्र त्या शैलीकडे परतण्याचे टाळले.

पुनर्मूल्यांकन

चित्रपटाच्या समर्थकांच्या मते त्याचे कथित दोष हे त्याच्या विषयाचेच परिणाम आहेत. पहिल्या चित्रपटात निसर्ग व शहर यांच्यातील विरोध दाखवता येत होता, कारण शहराबाहेर उभे राहून पाहण्यास जागा शिल्लक होती. तिसऱ्या चित्रपटाच्या मांडणीनुसार अशी बाहेरची जागा आता उरलेली नाही. म्हणून त्यात मोकळे क्षितिज क्वचितच दिसते आणि प्रेक्षकाला घुसमट जाणवते. स्मार्टफोन व समाजमाध्यमे सर्वत्र पसरण्यापूर्वी बनलेल्या या चित्रपटाने प्रक्रिया केलेल्या प्रतिमांनी व्यापलेल्या जीवनाचे पूर्वचित्र रेखाटले, असेही प्रतिपादन केले जाते. मात्र एखाद्या कृतीचा विचार दूरदर्शी असणे आणि ती कृती पडद्यावर प्रभावी ठरणे या भिन्न गोष्टी आहेत. नकोयकात्सीविषयीचा मतभेद मुख्यतः याच मुद्द्यावर आहे.

२०१२ साली क्रायटेरियन कलेक्शनने तिन्ही चित्रपटांचा एकत्रित संच प्रकाशित केला. रेजिओ, ग्लास आणि जॉन केन यांनी त्यानंतर 'व्हिजिटर्स' (२०१३) या चित्रपटासाठी पुन्हा एकत्र काम केले. त्या कृष्णधवल चित्रपटात केवळ ७४ दीर्घ दृश्ये असून, त्यांपैकी अनेकांत कॅमेऱ्याकडे स्थिरपणे पाहणारे मानवी चेहरे आहेत. नकोयकात्सीमध्ये ज्या प्रत्यक्ष मानवी नजरेची उणीव प्रेक्षकांना जाणवली होती, ती या चित्रपटाच्या केंद्रस्थानी आली.

हेही पहा

कोयानिस्कात्सी
पोवाक्कात्सी
बराका
फिलिप ग्लास
होपी लोक